मतदारांस उद्देशून लेखन

निरनिराळ्या मतदारांचें मन वळविणारें लेखन शाळेंत शिकविल्यास मुलें दुतोंडी होतील, असा आक्षेप कित्येक सुज्ञ गृहस्थ घेतात. आम्हांस तो पटत नाहीं.

ता. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमतकौल झाला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें म्हणणारांची निशाणी फूल. संघप्रदेश म्हणूनच राहावें म्हणणारांची दोन पानें. विलीनीकरणाचा कैवार ‘गोमंतक’ पत्रानें मराठींत घेतला, आणि त्यास विरोध करणारें ‘राष्ट्रमत’ही मराठींतच निघे; कारण ज्यांची समजूत पालटावयाची, ते मराठीच वाचीत. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांजपर्यंत कोंकणी गीतें पोंचलीं. अखेर विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ व बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं.

एकच म्हणणें निरनिराळ्या वाचकांस निरनिराळ्या रीतीनें सांगणें यांत कपट नाहीं. वाचक बदलला कीं शब्द, दाखले व क्रम खुशाल बदलावे. वस्तुस्थिति मात्र बदलूं नये. शिक्षकांनीं एकाच प्रश्नावर शेतकऱ्यास एक व व्यापाऱ्यास एक अशीं दोन पत्रें लिहवून घ्यावीं, आणि मग एकाचें पत्र दुसऱ्यास द्यावयाचें आहे असें सांगावें. एकास दिलेलें वचन दुसऱ्यापासून लपवावें असें वाटलें, तर तें पत्र नापास.

१९८९ पासून भारतांत मताधिकार अठराव्या वर्षींच मिळतो. शाळा सुटून दोनतीन वर्षें होतात न होतात, तोंच आपलें मन वळवावयास लोक दारीं येतील. ज्यानें ही कला स्वतः हाताळली आहे, त्यास तींतील लबाडी ओळखूं येईल; इतरांस ती गोडच लागेल.