शिंपल्यांचा खटला आणि आपले करारपत्र

परदेशात माल पाठवणारे आपले व्यापारी बांधव दर पाहतात, पॅकिंग पाहतात, बँकेची कागदपत्रे दोनदा तपासतात. करारपत्राच्या शेवटच्या पानावर मात्र न वाचताच सही होते. नेमकी तिथेच बहुधा एक ओळ असते : वाद उद्‌भवल्यास अमुक देशाचा कायदा लागू राहील.

समजा, ती ओळ जर्मनीच्या कायद्याची आहे. आंतरराष्ट्रीय मालविक्रीसंबंधी संयुक्त राष्ट्रांचा एक करार १९८० साली व्हिएन्ना येथे झाला. भारत त्यात सामील नाही. पण जर्मनीत तो १९९१ पासून कायद्याचाच भाग आहे. करारपत्रात तो स्पष्ट शब्दांत वगळला नसेल, तर धारावीत बॅगा शिवून तिकडे पाठवणाऱ्यालाही तोच लागू पडतो. आपला १९३० चा मालविक्री कायदा तिथे उपयोगी पडत नाही.

ही भीतीची गोष्ट आहे असे मात्र नाही. १९९५ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात न्यूझीलंडच्या शिंपल्यांचा खटला आला. एका स्विस विक्रेत्याने १७५० किलो माल जर्मन ग्राहकाला पाठवला. त्यात कॅडमियम जास्त निघाले म्हणून ग्राहकाने पैसे अडवले. न्यायालयाने निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. ग्राहकाच्या देशातले सरकारी नियम विक्रेत्याला ठाऊक असतीलच, असे गृहीत धरता येत नाही. ते त्याला सांगितलेले असावेत, किंवा त्याच्या देशातही तेच नियम असावेत, किंवा त्याला ते कळण्यासारखी खास परिस्थिती असावी. पॅकिंगची तक्रारही फार उशिरा आली म्हणून फेटाळली गेली. या करारानुसार ग्राहकाने माल लवकर तपासून वाजवी मुदतीत दोष कळवायचा असतो. दोन वर्षे ही शेवटची मर्यादा. अर्थात दोष माहीत असून दडवला असेल, तर विक्रेत्याला ही ढाल मिळत नाही.

चामड्याच्या धंद्यात हे रोजचे दुखणे आहे. अंगाला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवे, असा युरोपचा नियम २०१५ पासून आहे. ऑर्डरमध्ये ही अट लिहिली असेल, तर शिंपल्यांचा निकाल आपल्याला वाचवणार नाही. म्हणून ऑर्डरचा कागद नीट वाचायचा.

हे निकाल जगापुढे आणले ते विद्यापीठांनी. न्यूयॉर्क राज्यातील पेस विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा संस्थेने असे खटले गोळा करून संगणकावर मोफत खुले केले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात १९८० साली निघालेले व्यापारी कायद्याचे अभ्यासकेंद्र भाषांतराच्या कामात तिच्याबरोबर उतरले, तेही ब्रिटनने हा करार स्वीकारलेला नसताना! व्हिएन्नात दरवर्षी विद्यार्थ्यांची अभिरूप लवादाची स्पर्धा भरते, तीही पेसनेच सुरू केली. आपल्या देशातले विद्यार्थीही तिथे जातात.

पण हे सारे इंग्रजीत, आणि वकिलांच्या इंग्रजीत. मोठ्या निर्यातदाराकडे वकील असतो. ज्याचा सगळा गल्ला एका कंटेनरमध्ये अडकलेला असतो, त्याच्यापर्यंत यातले काही पोचत नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस छोट्या निर्यातदारांची करारपत्रे वाचून द्यावीत, निवडक निकाल मराठीत व उर्दूत सोप्या शब्दांत छापावेत. मुलांना खरीखुरी करारपत्रे हाताळायला मिळतील, हा त्यांचाही फायदाच. आपल्या व्यापारी संघटनांनी नुसते निवेदन देऊन थांबू नये. गेल्या पाच वर्षांत पैसे अडकलेल्या सौद्यांचे कागद गोळा करून, नावे झाकून, विद्यापीठाच्या दारात न्यावेत. छपाईचा खर्च आपण उचलावा. एका परत आलेल्या कंटेनरच्या भाड्यापुढे तो किती असणार?