पुढचा एक दात, मागचे तीन



मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की गाडी घाट सहज चढते आणि पळतेही जास्त, असं गेल्या अंकातल्या पत्रात वाचलं. पहिलं बरोबर, दुसरं साफ चूक. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील तर प्रमाण ३. पुढे १४ केले की ते ३.२१ होतं, मागून तेवढंच साधायला जवळपास ४८ लागतात. चढाला जोर मिळतो, पण त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं. वरंध घाटातून रोज डबलसीट जाणाऱ्याने हा बदल जरूर करावा. पुणे-सोलापूर हायवेवर राबणाऱ्याने मुळीच नाही. आणि कृपा करून नव्या स्प्रॉकेटवर जुनी, ताणलेली चेन चढवू नका. दात लवकर झिजून आकड्यासारखे वाकतात.

– एक वाचक, महाड