हौस पोराची, दंड बापाला
ऊसबिल जमा झालं की तालुक्याच्या गॅरेजांत गाड्यांची गर्दी वाढते. फेंडरबाहेर येणारे टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाचं रिमॅपिंग. साध्या गाडीची स्पोर्ट्स कार करायची पोरांना हौस. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली, तीही गाडीमालकाला. आरसी बुक बहुतेक घरांत बापाच्या नावावर. अपघात झालाच तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा होतो. म्हणून सायलेन्सर बदलण्याआधी बापानेच हिशेब विचारलेला बरा.