पवित्र पाण्याचा पंचनामा



पाण्यावाचून कुठल्याच धर्माचं भागत नाही. हिंदूला गंगा पायजे. मुसलमानाला नमाजाआधी वजू पायजे, हजला गेला की झमझमचं पाणी पायजे. ख्रिस्ती पाण्यानं बाप्तिस्मा देतो, शीख अमृत चाखतो. म्हणून आमचे सर्वधर्मसमभाववाले शहाणे सांगतात, पावित्र्य सगळ्यांचं एकच, फक्त घाट वेगळे. मला हे पटत नाय. आमच्या बापजाद्यांना ज्यानं तहानलेलं ठेवलं तो घाटच होता.

मी गोदीत ओझी वाहतो. पोत्यावरचा शिक्का वाचून आतला माल कळत नाय, पोतं फोडावं लागतं. धर्माचं पोतंही फोडून बघा. माझी कसोटी एकच आहे. माणसाचा हात लागल्यावर तुमच्या पवित्र वस्तूचं काय होतं? माणूस उजळतो, की वस्तू बाटते?

महाड घ्या. चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता. कागद खुला, तळं बंद. तिथं मुसलमान पाणी भरायचा, गुरंढोरं प्यायची, तेव्हा ते बाटलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळ भरली, आणि ते बाटलं! आधी आमची डोकी फोडली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळं शुद्ध केलं. म्हंजे गाईचं मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही. पुढं कोर्टात हेच लोक काय म्हणाले? तळं खाजगी मालकीचं आहे! दहा वर्षं दावा चालवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं. तर पावित्र्याचं पोतं फोडलं की आत हे निघतं: मालकी.

आता दुसरीकडं बघा. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी लोखंडी वाटीतलं अमृत पाच जणांना पाजलं. त्यात न्हावी होता, पाणक्या होता. मग गुरूनं त्याच पाचांच्या हातून स्वतः अमृत घेतलं. हात लागून पाणी बाटलं नाही. अमेरिकेतला काळा माणूस माल्कम एक्स १९६४ मध्ये हजला गेला, गोऱ्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवला, एका पेल्यातून प्याला आणि तसं पत्रात लिहून कळवलं.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच शिखांच्या अमृतसरला १९२० मध्ये नवदीक्षित दलितांचा प्रसाद पुजाऱ्यांनी नाकारला होता. ग्रंथसाहिब उघडून कौल घ्यावा लागला, तेव्हा तो स्वीकारला. केरळात दलित ख्रिस्त्यांना बाप्तिस्म्याचं पाणी तेच मिळालं, पण देऊळ वेगळं. पोयकयिल योहन्नान त्यातून बाहेर पडला आणि १९०९ मध्ये त्यानं स्वतःचा पंथ काढला. आपल्याकडच्या मुसलमानांतही अशराफ आणि अरजल आहेतच. ग्रंथ समता सांगतो आणि जात मागच्या दारानं आत येऊन पाटावर बसते. फरक एवढाच, की तिथं भांडायला ग्रंथ आपल्या बाजूनं उभा राहतो. इथं ग्रंथच जाळावा लागला, २५ डिसेंबर १९२७ ला, त्याच महाडात.

आणि बुद्धाकडं? थेरीगाथेत पुण्णा भेटते. अनाथपिंडिकाच्या घरची दासी, पाणी भरणारी. थंडीत कुडकुडत नदीत बुचकळ्या मारणाऱ्या बामणाला ती विचारते, आंघोळीनं पाप धुतलं जात असेल तर बेडकं, कासवं, मगरी आधी स्वर्गात जातील की नाय? पाणी वाहणारीलाच पाण्याची खरी किंमत ठाऊक. पवित्र असेल तर ते वागणं, पाणी नव्हे.

हे आपल्यालाही लागू आहे. महाडचं पाणी बाटलीत भरून देव्हाऱ्यात ठेवाल आणि गावातल्या मातंगाच्या घरचं पाणी टाळाल, तर आपणही १०८ घागरीवालेच. २०२२ च्या ऑगस्टात राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचं दलित पोर मेलं. माठातलं पाणी प्यालं म्हणून मास्तरानं मारलं, असं घरच्यांनी सांगितलं. महाडनंतर ९५ वर्षांनी एका बापाला हे बोलावं लागतं.

तेव्हा गावाला जाल तर कळस बघू नका, घुमट बघू नका, विहारावरचा झेंडासुद्धा नंतर बघा. आधी पाणवठ्यावर जा. कोण कुठं भरतं, कुणाच्या घागरीला कोण शिवत नाही, ते बघा. आणि गप बसू नका.