विश्लेषण : गेम अडखळतोय? संगणकाचा कोणता भाग आधी बदलावा?

२०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या आणि 'रॅम वाढव, गेम पळेल' हा आजवरचा स्वस्त सल्ला एकाएकी महाग झाला. त्याआधी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार संपल्याने अनेकांना जुन्या संगणकाचे काय करायचे, हा प्रश्न पडलाच होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन खरेदीत पैसे मोजण्याआधी संगणकातील नेमका कोणता भाग मागे पडतो आहे, हे ओळखणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

रॅम महाग का झाली?

जगातील बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या 'हाय बँडविड्थ मेमरी'ला प्रचंड मागणी असून तिच्यात नफाही अधिक आहे. कारखान्यांची क्षमता तिकडे वळल्याने सामान्य ग्राहकासाठीच्या रॅमचा तुटवडा झाला. काही महिन्यांतच अनेक रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशिअल' या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा व्यवसाय थांबवत असल्याचे जाहीर केले. ग्राफिक्स कार्डवरील मेमरीही याच कंपन्यांकडून येत असल्याने त्या बाजारालाही झळ बसते.

गेम 'अडखळतो' म्हणजे नेमके काय होते?

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० एफपीएस दिसायची असतील, तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी हीच मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते. सरासरी एफपीएस ९० दिसत असला, तरी मध्येच एखाद्या चित्राला १०० मिलिसेकंद लागले की झटका जाणवतो. त्यामुळे सरासरीसोबत 'वन पर्सेंट लो', म्हणजे सर्वात संथ एक टक्का चित्रांचा वेगही पाहावा. सरासरीच कमी असेल तर ताकद अपुरी आहे. सरासरी चांगली असूनही झटके येत असतील, तर रॅम, साठवण, प्रोसेसर किंवा वाढलेले तापमान यांकडे संशय जातो.

प्रोसेसर कमी पडतो की ग्राफिक्स कार्ड?

गेममधील हालचाली, नियम आणि पात्रांचे वर्तन यांचा हिशेब प्रोसेसर करतो, तर त्यावरून चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांपैकी जो संथ, त्याच्या वेगाने गेम चालतो. 'व्हॅलोरंट'सारखे स्पर्धात्मक गेम बहुधा प्रोसेसरवर अवलंबून असतात; 'सायबरपंक २०७७'सारखे गेम ग्राफिक्स कार्डाचा कस पाहतात.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. गेममधील एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करून ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्डच मर्यादा घालते आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहते आहे. मग रिझोल्यूशन कमी करून पाहावे. एफपीएस वाढला नाही, तर दोष प्रोसेसर किंवा रॅमकडे जातो.

येथे अनेकांची एक फसगत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला की 'प्रोसेसर तर मोकळा आहे' असे वाटते. मात्र हा आकडा सर्व कोअरचा एकत्रित असतो. गेमचा मुख्य भार एखाद-दुसऱ्या कोअरवर असेल, तर तो कोअर पूर्ण थकलेला असूनही एकूण आकडा कमीच दिसतो.

रॅम आणि एसएसडीने किती फरक पडतो?

आजच्या अनेक मोठ्या गेमसाठी ८ जीबी रॅम तोकडी पडते. १६ जीबी हा व्यवहार्य किमान आकडा मानता येतो. मात्र गेम सुरू असताना रॅम शिल्लक राहत असेल, तर ती आणखी वाढवून एफपीएस वाढत नाही. एकच पट्टी असेल तर मेमरी 'सिंगल चॅनल'मध्ये चालते आणि तिची वहनक्षमता निम्मी राहते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात याचा फटका मोठा असतो. विकत घेतलेली वेगवान रॅमही बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केल्याशिवाय बहुधा कमी वेगानेच चालते.

एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो. हार्ड डिस्कवरून मोठा नकाशा वाचताना येणारे झटकेही कमी होतात. पण कार्ड कमकुवत असेल, तर एसएसडी त्याची उणीव भरून काढू शकत नाही.

जुळणी न पाहिल्यास काय बिघडते?

डीडीआर५ रॅम डीडीआर४च्या मदरबोर्डवर बसत नाही. त्यामुळे नव्या पिढीचा प्रोसेसर घेताना अनेकदा मदरबोर्ड आणि रॅम असा तिहेरी खर्च येतो. सध्याच्या भावात तो जास्त बोचतो. याउलट एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवर पहिल्या पिढीचा रायझन असेल, तर बायोस अद्ययावत करून अनेक बोर्डांवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवता येतो आणि जुनी डीडीआर४ रॅमच वापरता येते. अर्थात, उत्पादकाच्या संकेतस्थळावरील यादीत आपला बोर्ड आहे का, हे आधी पाहावे.

मोठे कार्ड घेताना पॉवर सप्लायची क्षमता, योग्य जोडण्या आणि कॅबिनेटमधील जागा तपासावी. जुने कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे बंद झाले असून आता केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतात. तसेच विंडोज ११वर 'व्हॅलोरंट'ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. 'बॅटलफिल्ड ६'लाही सिक्युअर बूट अनिवार्य आहे. अशा ठिकाणी संगणक वेगवान असूनही गेम सुरूच होत नाही.

लॅपटॉपधारकांना कोणता पर्याय उरतो?

बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता येते, तीही रॅम बोर्डवर कायमची जोडलेली नसेल तर. अनेकदा पंख्यातील धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे हाच सर्वात किफायतशीर उपाय ठरतो. तापमान वाढले की चिप स्वतःहून वेग कमी करते.

मग आधी काय करावे?

सुरुवात बिनखर्ची उपायांनी करावी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच चालतो आहे का, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डला लावली आहे का, ड्रायव्हर अद्ययावत आहेत का, हे पाहावे. त्यानंतर रॅमची मोकळी जागा आणि कार्डाचा वापर तपासावा. रॅम भरत असेल तरच रॅम घ्यावी. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर आधी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करून पाहावे आणि तरीही भागले नाही तरच नवे कार्ड घ्यावे. कार्ड मोकळे असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा.

रॅमचा बाजार केव्हा निवळेल, हे ग्राहकाच्या हातात नाही. पंधरा मिनिटांची तपासणी मात्र आहे, आणि चुकीच्या भागावर खर्च होणारे हजारो रुपये तिच्यामुळे वाचू शकतात.