विश्लेषण : नोबेलविजेत्या क्वांटम सर्किटचे धागे १९०२च्या प्रयोगाशी कसे जुळतात?

जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हातात धरता येईल एवढ्या चिपवरचे विद्युत सर्किटही ऊर्जा ठरावीक मापातच घेते, हे त्यांनी १९८४-८५मध्ये बर्कलीत दाखवले होते. ऊर्जेच्या या ‘सुट्या पुड्यां’ची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे आणि ती पटवून देण्यात विद्युत क्षेत्राचा मोठा वाटा होता.

लेनार्ड यांना काय दिसले?

अतिनील प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. फिलिप लेनार्ड यांनी निर्वात नळीत समोरच्या पट्टीला ऋण व्होल्टेज देऊन उलटे विद्युत क्षेत्र तयार केले. व्होल्टेज वाढवत नेले की एका क्षणी सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही अडतो आणि प्रवाह थांबतो. त्या व्होल्टेजवरून इलेक्ट्रॉनची ऊर्जा कळते. प्रकाश ही निव्वळ लाट असेल, तर दिवा प्रखर केल्यावर हे व्होल्टेज वाढायला हवे होते. १९०२मध्ये दिसले ते वेगळेच. इलेक्ट्रॉनची संख्या वाढली, पण त्यांना अडवणारे व्होल्टेज जागचे हलले नाही.

रेल्वे फलाटावरचे जुने वजनयंत्र आठवा. कितीही चिल्लर ओतली तरी योग्य नाणे पडल्याशिवाय तिकीट येत नसे. १९०५मध्ये आइन्स्टाइन यांनी साधारण हेच सांगितले : प्रकाश पुंजांनी येतो आणि प्रत्येक पुंजाची किंमत त्याच्या वारंवारितेवर ठरते. रॉबर्ट मिलिकन यांचा यावर विश्वास नव्हता. त्यांनी अनेक वर्षे काटेकोर मोजमाप केले आणि १९१६मध्ये त्यांच्याच आकड्यांनी आइन्स्टाइन यांचे समीकरण बरोबर ठरवले.

बर्कलीत नवे काय घडले?

तोवर हे नियम अणू-इलेक्ट्रॉनपुरते दिसत होते. बर्कलीच्या सर्किटमध्ये दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा पातळ थर होता. निरपेक्ष शून्याजवळ थंड केल्यावर त्यातून व्होल्टेजशिवाय प्रवाह वाहत होता. मग अचानक व्होल्टेज उमटले. अब्जावधी इलेक्ट्रॉनच्या जोड्यांनी मिळून, जणू एकच कण असल्याप्रमाणे, ऊर्जेची भिंत पार केली होती. म्हणजे १९०२प्रमाणे इथेही पुरावा व्होल्टेजनेच दिला.

भारताचा संबंध काय?

अशाच सर्किटमधून आज अतिवाहक क्युबिट बनतात. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये ६,००३.६५ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. ५० ते १,००० क्युबिटचा संगणक आठ वर्षांत उभारायचा आहे. आयआयटी मुंबईकडे संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र आहे. बर्कलीतील प्रयोग ते नोबेल यांत चाळीस वर्षे गेली, हे पाहता मुदत तशी तोकडीच. पण थांबून राहणेही महागात पडू शकते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर ऑनलाइन व्यवहारांना संरक्षण देणारी आजची काही कुलुपे उघडू शकतात. त्यामुळे देशांतर्गत २,००० किलोमीटरपर्यंत उपग्रहाद्वारे सुरक्षित क्वांटम संदेशवहन हेही मिशनचे उद्दिष्ट आहे.