नातलगांच्या दारात आपला बिछाना

निवृत्तीनंतर हे आणि मी कॅरॅव्हॅन घेऊन मेलबर्नहून पर्थला निघालो. वाटेत ॲडलेडला वन्सं रागावल्या, "घर असताना दारात गाडीत झोपायचं?" मला विचाराल तर तसंच झोपावं. नोकरदार मुलांनी आपल्यासाठी खोली रिकामी करायची, सकाळी बाथरूमपाशी रांग लावायची, हे दोन दिवसांत सगळ्यांनाच जड होतं. बिछाना आपला असला की आठवडाभर राहता येतं. नातवंडांना शाळेतून आणता येतं, वन्संबरोबर निवांत पुरणपोळ्या लाटता येतात.

विमानाने पर्थ काही तासांवर आहे, पण मग वन्संकडचा आठवडा मिळाला नसता.

पुढे नलारबॉरचं उजाड माळरान. कायगुना आणि बॅलडोनिया यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताज्या भाज्या, फळं काढून घेतात, म्हणून वन्संनी दिलेल्या कोथिंबिरीच्या मी आदल्या रात्रीच वड्या करून टाकल्या. पर्थच्या भाच्याने त्या उभ्याउभ्याच फस्त केल्या. भाचेसून म्हणाली, "मामी, पुढच्या वेळी महिनाभर या. मागच्या दारी गाडीपुरती जागा करून ठेवते."